उगवतीचे पाणी

सुरतेत पुराला ‘रेल’ म्हणतात. ‘रेल आवी’ म्हणजे तापी गावात शिरली. पांडेसऱ्यात नव्याने राहायला आलेला खानदेशी माणूस हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा गोंधळतो. त्याच्या लेखी रेल म्हणजे आगगाडी, त्याला अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून उचलून उधन्याला आणून सोडणारी. पुढे काही पावसाळे काढले की त्याच्या लक्षात येते, दोन्ही रेलींची वाट एकच आहे. उगवतीकडून, तापीच्या खोऱ्यातून, उतारा उताराने खाली सुरतेकडे. माणसे त्या वाटेने आली आणि पाणीही त्याच वाटेने येते.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा हा एक शब्द मनातून हलेना. पुस्तकातले लेख सुरतेच्या भूगोलावर आणि हवामानावर आहेत, ते मराठीत आहेत, आणि त्यांचा पहिला वाचक पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत राहणारा आहे. सुरतेबद्दल गुजरातीत उदंड लिहिले गेले आहे, इंग्रजीत त्याहून अधिक. मराठीत सुरत आली की बहुधा ‘सुरतेची लूट’ येते आणि दोन पानांत संपते. ज्या शहरात आपली लाखो माणसे पोट भरतात, त्याची जमीन कशी आहे, वारा कुठून येतो, पाणी कुठे तुंबते, याची माहिती त्यांच्या भाषेत असू नये, ही उणीव मला फार दिवस टोचत होती.

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पश्चिमेला समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातले जवळजवळ ५१ हजार चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला चार हजारांच्या आतच. विदर्भातून येणारी पूर्णा, नाशिककडून येणारी गिरणा, धुळ्याची पांझरा, शिवाय वाघूर, बोरी, अनेर, गोमाई या सगळ्यांचे पाणी शेवटी एकाच अरुंद तोंडातून बाहेर पडते आणि त्या तोंडाशी सुरत बसली आहे. म्हणून मी म्हणतो की सुरतेचा भूगोल सुरतेत सुरू होत नाही. तो चांगदेवच्या संगमावर, मुडावदला, प्रकाशाच्या घाटावर सुरू होतो. आपल्या शालेय पुस्तकांत तापी ‘पुढे गुजरातमध्ये जाऊन अरबी समुद्राला मिळते’ या एका वाक्यात संपते. गुजरातच्या पुस्तकांत ती ‘महाराष्ट्रातून येते’ या वाक्यात सुरू होते. राज्याची सीमा नवापूरच्या रेल्वेस्थानकातून जाते, तशीच ती आपल्या ज्ञानातूनही गेली आहे.

जुन्या माणसांना ही सीमा नव्हती. सह्याद्रीची भिंत उत्तरेला तापीच्या खोऱ्याशी संपते आणि सातपुडा त्या खोऱ्याच्या पलीकडे उभा राहतो. या दोहोंमधल्या खोलगट पट्ट्यातून बैलगाडी, उंट, लमाणांचे तांडे मोठा घाट न ओलांडता पठारावरून थेट किनाऱ्यावर उतरू शकत. बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनचे नाके होते आणि बुऱ्हाणपूर ते सुरत ही सतराव्या शतकातली देशातल्या महत्त्वाच्या व्यापारी रस्त्यांपैकी एक वाट. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच वाटेने गेला. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही त्याच्या मुक्कामांची यादी आज भुसावळ–सुरत गाडीचे वेळापत्रक वाचावे तशी वाटते. नवापूरला त्याने विणकर पाहिले आणि तिथल्या सुवासिक तांदळाची आवर्जून नोंद केली. सुरतेच्या तटाला बुऱ्हाणपूर दरवाजा होता. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज गणदेवीकडून आले आणि त्यांनी तळ टाकला तो याच दरवाज्याबाहेरच्या बागेत. त्यांनी महिना निवडला तोही कोरड्या वाटांचा, ओढे-नाले उतरलेले असतानाचा. सुरतेच्या प्रसंगाकडे आपण पराक्रम म्हणून पाहतोच. जमीन आणि ऋतू वाचता येणाऱ्या माणसाचे काम म्हणूनही तो पाहायला हवा.

शहराचे वरचे, खोऱ्याकडचे अंग कळले की खालचे, समुद्राकडचे अंग पाहावे लागते. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळते. भरतीचे पाणी आत शिरते तसे दाटत आणि चढत जाते. आखाताच्या आतल्या अंगाला, भावनगरकडे, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. भारतात इतका फरक क्वचितच कुठे आढळतो. सुरतेच्या तोंडाशी तो त्याहून कमी, तरी मुंबईकराला थक्क करणारा. ओहोटीला डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर समुद्र कुठे गेला असा प्रश्न पडतो. समोर नुसता काळा चिखल. हा चिखल आपल्या ओळखीचा आहे. वरच्या खोऱ्यातली काळी माती, खानदेशातल्या कापसाच्या शेतातली, पावसाळ्यागणिक वाहून इथे येऊन बसते.

या गाळानेच बंदराचा स्वभाव ठरवला. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध, आत उथळ पात्र. लहान गलबते भरतीवर स्वार होऊन किल्ल्यापर्यंत येत, मोठी जहाजे नदीत येऊच शकत नसत. ती उत्तरेला सुवाळीच्या आसऱ्याला नांगर टाकून उभी राहत आणि माल तिथून गाड्यांनी वा होड्यांनी शहरात येई. नोव्हेंबर १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली ती याच सुवाळीच्या पाण्यात, आणि पुढच्या वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. त्याआधी बंदराचा मान तापीच्या उजव्या काठावरच्या रांदेरचा होता. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले आणि डाव्या काठावरची सुरत वर आली. हजच्या यात्रेकरूंची जहाजे इथून सुटत, म्हणून या शहराला मक्केचा दरवाजा म्हणत. वर्षाचा सगळा हिशेब मोसमी वाऱ्यावर चाले. जून ते ऑगस्ट समुद्र बंद, मग उत्तरेचा वारा सुटला की शिडे पश्चिमेला निघत, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. सावकारांची व्याजे, हुंडीच्या मुदती, गोदामांची भाडी हे सगळे त्या वाऱ्याला बांधलेले. हवामान इथे बखरींच्या मागचा देखावा कधीच नव्हते, व्यापाराचे घड्याळ तेच होते.

मग सुरत उतरली का? या प्रश्नावर अभ्यासकांचे दोन तट आहेत आणि नवख्या वाचकाने ते जाणून घ्यावेत. जुने मत असे की नदी गाळाने भरली, बंदर मेले आणि खोल पाण्याची मुंबई पुढे गेली. इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले, हे त्यासाठी पुरावा म्हणून दाखवले जाते. अशीन दासगुप्ता यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे चित्र बदलले. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मोगल, इराणी आणि तुर्की या तिन्ही सत्ता खिळखिळ्या झाल्या, त्यांच्या जोरावर चालणारा व्यापार कोसळला आणि सुरतेचे जहाजमालक बुडाले, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी बाळकृष्ण गोविंद गोखले यांचा सतराव्या शतकातल्या सुरतेवरचा ग्रंथ आला. भरभराटीच्या दिवसांतले शहर, त्याचे व्यापारी आणि त्याचा बाजार समजून घ्यायला तो अजून उपयोगी पडतो. माझा कौल दासगुप्तांच्या बाजूने आहे, पण एका दुरुस्तीसह. गाळ तर भरभराटीच्या दिवसांतही होताच. वीरजी व्होरासारखा सावकार ज्या काळात अफाट श्रीमंत झाला त्याही काळात मोठी जहाजे सुवाळीलाच थांबत होती. म्हणजे नुसत्या गाळाने बंदर मरत नाही. पण ज्या बंदराला माल दोनदा उतरवावा लागतो त्याला रस्ते निर्धोक लागतात, आणि रस्ते निर्धोक ठेवणारी सत्ता गेली की तोच गाळ जड होतो. भूगोल एकटा कुणाचे भवितव्य ठरवत नाही. राज्यकर्ते ढिले पडले की मात्र तो आपली किंमत वसूल करतो.

या विषयाची साधने कोणती, याचाही थोडा विचार करू. सर्वांत आधीचे म्हणजे प्रवासी. फ्रायर, ओव्हिंग्टन, तेव्हनो यांनी सुरतेच्या उकाड्याचे, धुळीचे, पावसाचे आणि तापांचे वर्णन केले आहे. ते परक्याच्या अंगाला झालेले हवामान आहे हे विसरू नये, पण त्या काळात तापमापकाची नियमित नोंद नसल्याने तेही मोलाचे. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाची नोंदवही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सुरत आणि भरूचवरचा खंड १८७७ मध्ये आला, खानदेशावरचा १८८० मध्ये. दोन्ही खंड शेजारी उघडून बसावे. एकात नदी डोंगरातून उतरते, दुसऱ्यात ती समुद्राला मिळते, आणि दोन्ही खंडांच्या शिवणीवर ती तुटते. कवी नर्मद यांनी त्याच शतकात आपल्या शहराची हकिकत गुजरातीत लिहिली. तिच्यात १८३७ च्या आगीची आणि त्याच वर्षीच्या पुराची सुरत अजून ओल्या राखेसारखी जाणवते. एका वर्षात शहर आधी जळले, मग बुडाले.

विसाव्या शतकात हा विषय अभियंत्यांच्या हाती गेला. १९६८ च्या ऑगस्टमधल्या पुराने त्याला निकड आली. त्या पुरात तापीतून १५ लाख क्युसेकच्या आसपास पाणी गेले असे मानतात. काकरापारचा बंधारा तेव्हा होता, पण त्याचे काम कालव्यात पाणी वळवण्याचे, पूर अडवण्याचे नाही. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा जलाशय मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरला आणि दोन्ही राज्यांतल्या आदिवासी गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. सुरतेच्या सुरक्षिततेची किंमत त्या गावांनी मोजली आहे. कुठल्याही सुरतकराने, मराठी असो वा गुजराती, हे विसरू नये. आणि १९७२ हे वर्ष आपल्याकडे कशासाठी लक्षात आहे ते सांगायला नको. ज्या साली तापी खाली अडवली गेली, त्याच साली वर महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. गावच्या विहिरी आटल्या की माणूस पाण्याच्या मागे उतारावर जातो. पुढच्या दशकांत खानदेशातून सुरतेकडे जो ओघ लागला त्याची मुळे केवळ लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मजुरीत शोधून चालणार नाही. धुळे, नंदुरबार, जळगावचा पाऊस सहाशे ते साडेआठशे मिलिमीटरच्या घरातला, सुरतेचा बाराशेच्या आसपास. या फरकाने माणसे हलवली आहेत.

तापीचा पूर इतका एकाएकी का चढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात. नर्मदा आणि तापी यांची खोरीही पूर्व-पश्चिम पडलेली. त्यामुळे ढग नदीबरोबर, तिच्याच दिशेने चालतात. मेळघाटात पडलेले पाणी भुसावळला पोचते तोवर पाऊसही तिथे आलेला असतो. गिरणेचे पाणी मिळते तोवर तो धुळ्यावर असतो. पुरावर पूर चढत जातो. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे आणि प्रमोदकुमार हिरे यांनी तापीच्या पुरांचा आणि त्यांनी पात्रात केलेल्या घडामोडींचा जो अभ्यास केला आहे, तो मराठी वाचकापर्यंत पोचलाच नाही. नदी वर्षभर जेवढे काम करते त्यापेक्षा कितीतरी अधिक ती मोठ्या पुराच्या मोजक्या दिवसांत करते, हे त्यातून ध्यानात येते. सुरतेच्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक आहे. वर्षातले साडेतीनशे दिवस जी नदी शहरातल्या होप पुलाखाली निमूट पडलेली असते, तीच दोन रात्रींत ओळखू येईनाशी होते.

२००६ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा मला लख्ख आठवतो. सारंगखेड्याहून मावशीचा फोन आला, ‘तापीले मोठा पूर येल शे, संभाळीसन ऱ्हा.’ पांडेसऱ्यात आमच्या दाराशी तेव्हा पाणी साचलेलेही नव्हते. मी हसलो नाही, पण घाबरलोही नाही. दीडशे किलोमीटरवरच्या पुराशी आपला काय संबंध, असे वाटले. ७ ऑगस्टला उकाईतून पाणी वाढत गेले आणि पुढे ते नऊ लाख क्युसेकच्या वर पोचले. दर सेकंदाला सुमारे अडीच कोटी लिटर. होप पुलावरची धोक्याची पातळी साडेनऊ मीटर, पाणी बारा मीटरच्या पुढे गेले. शहराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग बुडाला. ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती. उगवतीचे पाणी बाहेर पडू पाहत होते आणि मावळतीचे त्याला आत दाबत होते. राखीच्या दिवशी अडाजण, रांदेर, कतारगामची घरे पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात उभी होती. धरणात आधीपासून जास्त पाणी ठेवले होते का, शेतीसाठी, विजेसाठी पाणी राखणे आणि पुरासाठी जागा मोकळी ठेवणे यांत कशाला आधी मान द्यावा, यावर नंतर पुष्कळ वाद झाले. तो वाद अजून जिवंत आहे आणि राहायला हवा. पावसाळ्यात सुरतेचा माणूस आजही सकाळी वर्तमानपत्रात आधी उकाईची पातळी बघतो, ३४५ फुटांपासून ती किती खाली आहे ते. माझ्यापुरता मी एक धडा घेतला. मावशीचा फोन हाच त्या दिवसांतला सर्वांत आधी आलेला इशारा होता. खानदेशातून सुरतेत आलेल्या हजारो कुटुंबांकडे असे फोन त्या आठवड्यात आले असतील. नदीच्या वरच्या आणि खालच्या काठावर एकाच घरातली माणसे राहतात, हे या शहराचे असे बळ आहे ज्याची नोंद कुठल्या अहवालात नाही.

सुरतेच्या अलीकडच्या अभ्यासाला आणखी एका वर्षाने वळण दिले, १९९४. त्या सप्टेंबरात पुराचे पाणी ओसरले, घाण आणि मेलेली जनावरे मागे राहिली आणि प्लेगची बातमी देशभर गेली. स्थानकांवर माणसांच्या झुंबडी उडाल्या, उधन्याहून गाड्या भरभरून खानदेशात परतल्या. पुढे एस. आर. राव यांच्या आयुक्तपदाच्या काळात शहराची सफाई ज्या निश्चयाने झाली, त्याची उदाहरणे आजही दिली जातात. २००८ पासून आशियातल्या काही शहरांबरोबर सुरतही हवामानबदलाला तोंड देण्याच्या एका मोठ्या उपक्रमात उतरली. पूरसूचनेची यंत्रणा, साथींची नोंद, उष्णतेचा आराखडा अशी कामे उभी राहिली. हवामान हा विषय वेधशाळेतून पालिकेच्या टेबलावर आला, ही या शहराची खरी कमाई आहे. त्या टेबलावरची भाषा मात्र इंग्रजी आणि गुजरातीच राहिली.

आता पांडेसऱ्याकडे वळतो, कारण हे पुस्तक तिथे पाय रोवून उभे आहे. जुन्या शहराच्या दक्षिणेला पसरलेली ही सपाट जमीन. एकेकाळी शेते, मग औद्योगिक वसाहत, रंगाई-छपाईच्या मिला, बाष्पकांची धुराडी, आणि त्यांच्या भोवती खोल्या, चाळी, सोसायट्या. सबंध सुरत समुद्रसपाटीपासून सरासरी तेरा मीटरच उंच. अशा सपाटीवर दोन हातांच्या उंचसखलाने कोणाचे घर कोरडे राहील ते ठरते. इथला धोका मुख्यतः तापीचा नाही, खाडीचा आहे. मराठीत खाडी म्हणजे समुद्राचे आत आलेले पाणी. सुरतेत पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ओहोळालाही खाडी म्हणतात. मीठी, कोयली, काकरा, भेडवाड अशा खाड्या पूर्वेकडच्या बारडोली-पलसाणा भागाचे पाणी घेऊन शहरातून जातात आणि मिंढोळा नदीकडे उतरतात. तिथे भरती असेल तर त्या थांबतात. त्यांची पात्रे भरावाने, बांधकामांनी अरुंद झाली आहेत. त्यामुळे तापी शांत असतानाही लिंबायतपासून भेस्तानपर्यंतच्या वस्त्यांत गुडघाभर पाणी शिरते. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये हेच झाले. तापीच्या रेलीला इतिहास आहे, आकडे आहेत, स्मारके आहेत. खाडीच्या पुराला यांतले काहीच नाही. ज्यांच्या घरात तो शिरतो ती माणसे भाड्याने राहतात, वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलतात, आणि पाणी कुठवर आले होते ही आठवण खोलीबरोबरच सुटते.

उष्म्याचेही तसेच. नागपूर, जळगाव, सुरत ही तिन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या आसपास आहेत. सूर्य सारखाच. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४२–४३ ला टेकतो तेव्हा सुरतेत तो बहुधा ३५–३७ मध्ये असतो, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. गावाकडून येणाऱ्याला वाटते, चला, इथे ऊन कमी. मग त्याला घाम कळतो. कोरड्या उन्हात घाम वाळून अंग थंड होते. इथल्या दमट हवेत तो वाळत नाही. पत्र्याच्या छपराखाली लूम चालवणाऱ्या, वाफेच्या शेजारी कापडाचे ताके उलटणाऱ्या माणसाला पारा काय सांगतो यापेक्षा हवेतली ओल काय करते हे महत्त्वाचे. समुद्राचा वाराही सबंध शहर ओलांडून त्याच्यापर्यंत पोचेतोवर अर्धा मेलेला असतो. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा तोच वारा पांडेसऱ्याच्या धुराड्यांचा धूर उधना-लिंबायतकडे वळवतो. हिवाळ्यात वारा पडला की पहाटे धूर जमिनीलगत बसतो. रातपाळी सुटून सायकलवर घरी येणारा माणूस हे हवामानशास्त्र छातीत घेऊन येतो.

सगळे असे काळवंडलेलेच आहे असे मात्र नाही. हिवाळ्यात तापीकाठी पोंक विकायला येतो तेव्हा खानदेशी माणसाचा चेहरा उजळतो. हा तर आपला हुरडा! माती तीच, ज्वारी तीच, फक्त सुरतकर तो शेव आणि लिंबाबरोबर खातात. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईलाही तापीचा जन्मदिवस असतो आणि सुरतेलाही. सुरतेत त्या दिवशी नदीला चुनडी नेसवतात. श्रावणात पांडेसरा-उधन्याच्या गल्ल्यांतून खानदेशी बायका कानबाई देवीची मिरवणूक काढतात आणि तिचे विसर्जन त्याच पाण्यात होते जे वर आपल्या गावावरून वाहून आलेले असते. खोऱ्याचे एकपण अभ्यासकांच्या आधी या बायकांना कळलेले आहे.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर आकड्यांत द्यायचे तर १९६१ मध्ये सुरतेची वस्ती तीन लाखांच्या आत होती, २०११ च्या जनगणनेत ती ४४ लाखांच्या पुढे गेली. १९६८ चा पूर ज्या शहरात आला ते शहर आणि आजचे शहर यांत नदी तेवढी तीच, पूरमैदानातली मोकळी जागा गेली. आणि पाण्याबद्दलचे निर्णय पुन्हा एकदा वर आणि खाली दोन्हीकडे होऊ घातले आहेत. तापीचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या मोठ्या प्रकल्पासाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी २०२५ मध्ये करार केला. सुरतेत रुंढजवळ भरतीचे खारे पाणी अडवून गोडे पाणी साठवणाऱ्या बंधाऱ्याची योजना आहे. पांडेसऱ्याच्या मिलांना २०१४ पासून बमरोलीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते. सुरुवात रोजच्या चार कोटी लिटरने झाली, आणि नदीवरचा भार हलका करण्याचा तो शहाणा मार्ग आहे. या निर्णयांत बोलायचे तर आधी समजायला हवे, आणि समजायचे तर ते आपल्या भाषेत हवे.

हे पुस्तक सुरतेचा इतिहास सांगायला निघालेले नाही. बंदर, किल्ला, वखारी येतात त्या पाण्याच्या आणि वाऱ्याच्या संदर्भाने. हे अभियांत्रिकीचे पुस्तकही नाही, तरी क्युसेक म्हणजे काय, भरती कशी चढते, धरणातले पाणी कोणत्या हिशेबाने सोडतात, हे सातवी-आठवी शिकलेल्या वाचकाला कळावे असा त्याचा आग्रह आहे. त्याने नदी सीमेवर तोडलेली नाही, मुलताई ते डुमस एकसंध ठेवली आहे. शास्त्रज्ञांच्या नोंदींशेजारी त्याने लूमवरच्या माणसाचे निरीक्षण मांडले आहे आणि दोघांत विसंगती दिसली तिथे ती झाकलेली नाही. काही ठिकाणी ते अपुरे आहे. समुद्राची पातळी आणि किनाऱ्याची धूप यांवर आणखी लिहायला हवे होते. खाडीकाठच्या वस्त्यांची तर नोंदच इतकी तुटपुंजी आहे की लेखकांना बऱ्याचदा लोकांच्या आठवणींवर विसंबावे लागले.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या खोलीत, गल्लीत, कारखान्यात पाणी शिरले असेल तर त्याची तारीख, वेळ आणि उंची लिहून ठेवा. भिंतीवर रंगाची एक रेघ ओढा, शेजारी साल घाला. खोली सोडताना ती रेघ पुसू नका, आणि पुढे राहायला येणाऱ्याला दाखवून मगच निघा.